पोकळ हाताचा आवाज

सकाळी सातच्या ठोक्याला मेट्रनबाई खोलीत शिरत, आणि त्याही दार न वाजवता. छातीच्या वॉर्डात चाळीस वर्षे काढताना त्यांनी कधी कुणाचे दार वाजवले नव्हते. मग स्वतःच्या नवऱ्याच्या खोलीचे वाजवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

"उजव्या कुशीवर," त्या फर्मावत. "गुडघे पोटाशी घ्या. उशी कमरेखाली, डोक्याखाली नव्हे. किती वेळा सांगायचं?"

"रोज एकदा," मिस्त्री म्हणत आणि निमूट कूस बदलत.

नोकरी सुटून अठरा वर्षे झाली होती, तरी दूधवाल्यापासून शेजारच्या वकिलापर्यंत सगळी गल्ली त्यांना मेट्रनबाईच म्हणे, आणि त्यांनाही ते रास्तच वाटे. मिस्त्री त्याच इस्पितळातले सुतार. खाटा, स्टुले, खिडक्यांच्या चौकटी, औषधांची कपाटे, सगळे त्यांच्या हातून गेले होते. आणि त्यांच्या छातीत गेला होता तो पन्नास वर्षांचा लाकडाचा भुसा. गेला होता कसला, राहिला होता. गेल्या दोन हिवाळ्यांत दोनदा न्यूमोनिया झाला आणि डाव्या फुप्फुसाच्या तळाच्या नळ्या सैल पडल्या. सैल नळीत कफ साचतो, साचला की नासतो, नासला की ताप येतो. हे मेट्रनबाईंना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तरी डॉक्टरने ते समजावून सांगितले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नव्याने आलेला हा डॉक्टर मेट्रनबाईंच्या मते अजून नीट दाढी करायलाही शिकलेला नव्हता. पण घरी येऊन तपासत होता आणि छाती ऐकताना घाई करत नव्हता, एवढे त्याच्या पारड्यात त्यांनी टाकले होते.

"गोळ्या देतोय, पण गोळ्यांचं काम निम्मंच," तो म्हणाला. "कफ बाहेर निघाला पाहिजे. दहा दिवस बघू. पुढच्या गुरुवारी छाती मोकळी झालेली नसली, तर आजोबांना भरती करावं लागेल."

"भरतीबिरती काही होणार नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "माझे हात शाबूत आहेत अजून."

हे त्या ताठ मानेने म्हणाल्या खऱ्या. पण डॉक्टर गेल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस अशी छाती घेऊन वॉर्डात आला की त्याचे पुढे काय होते, ते त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले होते. चालत आलेल्यांपैकी कितीतरी चालत परत गेले नव्हते. ज्या इमारतीत त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून परिचारिका टोप्या सारख्या करत, त्या इमारतीचे आता त्यांना भय वाटत होते. अर्थात ही गोष्ट त्यांनी मेल्या तरी कुणाला सांगितली नसती.

डॉक्टरने जाताना एक खेळणे ठेवले होते. प्लॅस्टिकच्या तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत चेंडू, आणि बाजूला लवचीक नळी. मिस्त्रींच्या हाती देण्याआधी ते तपासून घेणे मेट्रनबाईंना भाग होते. त्यांनी दार लोटले, नळी ओठांत धरली आणि छाती भरून फुंकर घातली. चेंडू जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा फुंकले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण चेंडू ढिम्म.

"बिघडलेलं दिलंय त्या पोरानं," त्या दार उघडून आत आलेल्या सूनबाईला म्हणाल्या.

सूनबाईने वस्तू उलटसुलट करून पाहिली. ती सकाळी पाळणाघरात जाई आणि अकरा तान्ह्या बाळांचा दिवस काढून संध्याकाळी परते. मुलगा जहाजावर, त्यामुळे घरातली नवी वस्तू समजून घेण्याचे काम आपोआप तिच्याकडे आले होते.

"आई, फुंकायचं नाही हो. ओढायचं असतं. श्वास आत."

मेट्रनबाईंनी श्वास आत ओढला. तिन्ही चेंडू टकटक करत वर गेले आणि वरच राहिले.

"एवढं साधं ते नळीवर लिहायला काय झालं होतं?"

"लिहिलंय ना. चित्रसुद्धा आहे," सूनबाई बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली, पण व्हायचे ते होऊन गेले होते.

चूक मेट्रनबाईंची होती असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्यांच्या वॉर्डात फुंकायचेच असे. प्रत्येक दोन खाटांमध्ये काचेच्या मोठ्या बाटल्यांची जोडी असे, रबरी नळीने एकमेकींना जोडलेली. एकीत शाई टाकून लाल केलेले पाणी. रोग्याने फुंकून ते पाणी दुसऱ्या बाटलीत ढकलायचे आणि मग दुसऱ्या बाजूने फुंकून परत आणायचे. दुपारी चारला वॉर्डभर बुडबुड सुरू होई. टपाल वाटणारा एक जाडा रोगी होता. तो समोरच्या घड्याळदुरुस्तीवाल्याशी पैजा लावी, आणि दोघे असे इरेला पेटत की गाल फुगून लाल होत आणि शेवटी हसू फुटून खोकल्याची उबळ येई. त्या उबळीतच खरे काम होऊन जाई. तरुण मेट्रनबाई, म्हणजे तेव्हाच्या नुसत्या सिस्टर, रागावल्याचे सोंग करत आणि पाठ वळवून हसत. त्या बाटल्या केव्हा गेल्या, कुणी नेल्या, त्यांना आठवत नव्हते. एके दिवशी नवे सामान आले आणि जुने मागच्या अंगणात मांडले गेले, एवढेच डोळ्यांपुढे होते. लाल पाणी नसलेल्या बाटल्या इतक्या साध्या दिसतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले होते.

"आई," सूनबाईने सावरून घेत विचारले, "थोपटायला मी येत जाऊ का? तुमची बोटं..."

"माझ्या बोटांना काय धाड भरलीय?"

"सकाळी सकाळी आखडतात ना तुमची."

"थंडीनं आखडतात. सगळ्यांचीच आखडतात. तू आपली बाळांचे ढेकर काढ. इथं कफ काढायचाय."

ज्या चित्राने आपली फजिती केली, ते दाखवणाऱ्या माणसाच्या हाती नवऱ्याची पाठ देणे त्या दिवशी शक्यच नव्हते.

तेव्हा थोपटत त्या स्वतःच. पाठीवर टॉवेलची घडी पसरायची. हात असा करायचा की त्यात घोटभर पाणी मावावे. मनगट सैल सोडायचे, आणि बरगड्यांवर एक डावा, एक उजवा, एक डावा, एक उजवा. कण्यावर नाही, कमरेवर नाही. घड्याळ लावून दहा मिनिटे. हात पोकळ पडला तर आत हवेचा धक्का पोहोचतो आणि नळीला चिकटलेला कफ सुटतो. चपटा पडला तर नुसती चामडी लाल होते. हे त्यांनी शेकडो मुलींना शिकवले होते, आणि तेही कानाने. वॉर्डाच्या टोकाला पाठ करून त्या औषधे मोजत असत आणि तशाच गरजत, "चौथ्या खाटेवर कोण थापट्या मारतंय? हात पोकळ कर!" मुली म्हणत, मेट्रनबाईंना पाठीवरही कान आहेत.

पहिले दोन दिवस मिस्त्री खोकले पुष्कळ, पण कपात नावालाच काही आले. तिसऱ्या दिवसापासून मात्र फरक पडला. झाकणाच्या काचेच्या कपावर मिलिलिटरच्या रेघा होत्या. पंधरावर आले, मग पंचवीस, मग चाळीस. मेट्रनबाई चष्मा सावरून आकडा वहीत टिपत. कप धुवायला त्या उचलू लागल्या की मिस्त्री तो ओढून घेत.

"मी काय परका रोगी आहे? माझं मी धुतो."

"पडाल न्हाणीत."

"पडलो तर पुन्हा उभा करा. तुमचं कामच ते."

ते भिंत धरत धरत न्हाणीपर्यंत जात, आणि मेट्रनबाई मनात म्हणत, चालण्याची हिंमत आली, हेही नसे थोडके. कितीतरी दिवसांनी त्यांना आपण नोकरीवर असल्यासारखे वाटू लागले होते. सकाळी जिना उतरताना गुडघा दुखला तरी त्या कठड्याला हात लावत नसत.

थोपटता थोपटता त्यांचे मन मागे जाई. या पाठीची ओळखच मुळी वॉर्डात झाली होती. त्या काळी रोग्याचे डोके खाली आणि पाय वर राहावेत म्हणून खाटेच्या पायथ्याला लाकडी ठोकळे लावत. हल्ली म्हाताऱ्या माणसाला तसे उलटे निजवत नाहीत, कुशीवरच भागवतात. डॉक्टरनेही बजावले होते. पण तेव्हा ठोकळे लागत, आणि सव्वीस वर्षांच्या सिस्टरने सुतारखात्याकडे नऊ इंचांचे बारा ठोकळे मागवले होते. घेऊन आला तो एक उंच, काटकुळा, कानावर पेन्सिल खोवलेला माणूस. सिस्टरने पट्टी लावून एकेक मोजला.

"यातले दोन सव्वा नऊ आहेत."

"हो."

"मी नऊ लिहिलं होतं."

"सातव्या खाटेखालची फरशी पाव इंच खचलीय, सिस्टर. नऊचे लावले तर खाट डुगडुगेल आणि रोग्याची झोप मोडेल."

सिस्टरने पट्टी खिशात घातली. तोवर त्यांची चूक दाखवण्याची हिंमत वॉर्डात मोठ्या डॉक्टरांनीही केली नव्हती, आणि हा माणूस ती दाखवून वर अशा चेहऱ्याने उभा होता, जणू फरशीच्या वतीने तोच माफी मागत होता. पुढच्या वर्षी लग्न झाले. सिस्टरने सुतार केला म्हणून लोक महिनाभर कुजबुजले, आणि मग दमले. घरी त्यांनी एकमेकांना अहोजाहोच ठेवले. इस्पितळात तोंडात बसलेली सवय घरी येऊन मोडायला दोघांनाही फुरसत नव्हती.

सोमवारी डॉक्टर मधेच डोकावून गेला. त्याने डाव्या बाजूला खाली छाती ऐकायची नळी टेकवली, श्वास घ्यायला लावला, पुन्हा टेकवली.

"काही फरक नाही," तो म्हणाला.

"फरक नाही?" मेट्रनबाईंनी वही पुढे केली. "पंधरा, पंचवीस, चाळीस, काल पंचावन्न. हा फरक नाही तर काय आहे?"

डॉक्टरने आकडे वाचले आणि कपाळ खाजवले. "इतका कफ निघत असेल तर तळ मोकळा व्हायला हवा होता. मला तर घरघर तशीच ऐकू येतेय. उलट श्वास थोडा कमीच वाटतोय."

"नळी बदलून घ्या तुमची."

"मेट्रनबाई," खाटेवरून मिस्त्री हळूच म्हणाले, "त्याच्यावर कशाला चिडता?"

"गुरुवारी येतो," डॉक्टर पिशवी आवरत म्हणाला. "सामान बांधून ठेवलेलं बरं."

तो गेल्यावर मेट्रनबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. ठरले. या पोराला आकड्यांवर विश्वास नसेल तर डोळ्यांनी दाखवू. अशा छातीत साचलेला कफ काचेत स्थिर ठेवला की त्याचे तीन थर पडतात: वर फेस, मध्ये पातळ पाणी, तळाला दाट साका. पूर्वी रोज सकाळी वॉर्डाच्या खिडकीत असे बारा-पंधरा कप ओळीने मांडलेले असत, आणि मेट्रनबाई रोग्याचे तोंड पाहण्याआधी कप पाहत. त्या दिवशी दुपारचे थोपटणे झाल्यावर मिस्त्री कप उचलणार, तोच त्यांनी तो झडप घालून घेतला.

"द्या इकडे. मी धुतो ना."

"आज धुवायचा नाहीये. खिडकीत ठेवणार आहे."

मिस्त्रींनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

दोन तासांनी मेट्रनबाई खिडकीशी गेल्या. थर पडले नव्हते. फेस नव्हता, पाणी नव्हते, साका नव्हता. उलट कपातला सगळा ऐवज फुगून झाकणाला टेकला होता. त्यांनी चमचा घातला. चमचा उभा राहिला. कफ फुगत नाही. चाळीस वर्षांत एकदाही फुगलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी कप उजेडात धरला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन कपाट उघडले. मिस्त्री पोट साफ राहावे म्हणून रोज चमचाभर इसबगोल घेत. महिनाभर पुरेल असा तो डबा अर्ध्याच्याही खाली गेला होता.

त्या परत आल्या आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. हे स्टूलही मिस्त्रींनीच केलेले होते.

"रंग कशानं आणलात?"

"चहाचे दोन थेंब," मिस्त्री भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले. "एका दिवशी तीन पडले. जरा गडद झालं होतं. वाटलं, आता पकडणार."

जन्मभर लाकडाला पॉलिशचा रंग जुळवलेला माणूस. मेट्रनबाईंना राग यायला हवा होता. तो येतही होता. पण वाटेत कुठेतरी अडखळत होता.

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"का?"

मिस्त्री कुशीवरून वळले. वळताना त्यांना धाप लागली आणि ती बसेपर्यंत दोघेही थांबले.

"पहिले दोन दिवस काहीच येईना. तुम्ही कप उचलून बघायच्या, उजेडात धरायच्या, आणि तुमचा चेहरा उतरायचा. हात चोळत बसायच्या मग. मला ते बघवेना."

"माझ्या हातांचा काय संबंध?"

"आवाज बदललाय, मेट्रनबाई." ते इतक्या हळू बोलले, जणू शेजारच्या खाटेवर कुणी झोपले होते. "पूर्वी तुमचा हात पाठीवर पडला की रिकाम्या पेटीवर टकटक केल्यासारखा बोलायचा. न्यूमोनियात तुम्ही थोपटलंत, तेव्हाही तसाच होता. आता फळीवर फळी आपटते. बोटं वळतच नाहीत तुमची. मी सुतार माणूस. मला पोकळ आणि भरीव कळतं."

मेट्रनबाईंनी आपले हात मांडीवर उताणे ठेवले आणि ओंजळीसारखे वळवून पाहिले. उजव्या हाताची दोन बोटे निम्म्यावर येऊन थांबली. पाणी धरले असते तर सगळे गळून गेले असते. ज्या कानांनी वॉर्डाच्या टोकावरून चपटा हात ओळखला, त्या कानांनी स्वतःच्या हाताचा आवाज आठवडाभर ऐकलाच नव्हता. ऐकू आला नव्हता की ऐकायचा नव्हता, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर न देता बाजूला सारला.

"आणि गुरुवारी काय होणार, हे माहीत होतं ना?"

"होतं."

"तरीसुद्धा?"

"गेलो असतो इस्पितळात. सगळी कपाटं माझीच आहेत तिथं. पण तुमच्या हाताला नावं ठेवून मला इथं राहायचं नव्हतं."

"शुद्ध मूर्खपणा!" मेट्रनबाई कडाडल्या. आवाज फुटला, म्हणून त्यांनी तेच पुन्हा म्हटले, आणि या वेळी तो फुटू दिला नाही. "शुद्ध मूर्खपणा. माझ्या हातांची अब्रू राखायला तुमची छाती खर्ची घालायला सांगितली होती कुणी? रोगी आहात ना? मग रोग्यासारखं वागा."

"बरं, सिस्टर," मिस्त्री म्हणाले.

त्या संध्याकाळी सूनबाई पाळणाघरातून परतली तेव्हा सासूबाई बैठकीच्या खोलीत मधोमध स्टूल ठेवून तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. पाठीवर टॉवेलची घडी होती.

"थोपट," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"मला. बघत काय राहिलीस? हात धुतलेस का?"

सूनबाईने हात धुतले आणि भीत भीत सुरुवात केली.

"मी काही आत्ता दूध प्यायलेली नाहीये. जोरात."

सूनबाईचा हात वर गेला आणि पडला. टक नव्हे, चट नव्हे. दबलेला, गोल, भरदार आवाज आला. मग दुसरा. डावा, उजवा, डावा, उजवा. मेट्रनबाईंनी डोळे मिटले. चुका काढायच्या म्हणून त्या बसल्या होत्या, पण पहिल्या मिनिटात एकही सापडली नाही. आणि मग त्या शोधायचेच विसरल्या. हजारो पाठींवर त्यांचे हात पडले होते, पण त्यांच्या पाठीवर आजवर कुणाचाही पडला नव्हता. ठोका वर लागत होता आणि थरथर आत उतरत होती, बरगड्यांच्या मागे, जिथे आपण कधी जात नाही अशा कुठल्या तरी माळ्यावर. रोगी म्हणायचे, "फार बरं वाटतं, सिस्टर." त्यांना वाटायचे, बिचारे शिष्टाचार म्हणून बोलतात. टपालवाला म्हणायचा. घड्याळवाला म्हणायचा. सातव्या खाटेवरच्या त्या म्हाताऱ्या शिक्षिका तर रोज म्हणायच्या, आणि रोज त्यांना उत्तर मिळायचे, "बोलू नका, श्वास घ्या." ते सगळे खरेच सांगत होते, हे कळायला मेट्रनबाईंना शहात्तर वर्षे लागली.

"आई? दुखतंय का?"

"कोण म्हणालं?" त्यांनी डोळे पुसले नाहीत; पुसले असते तर दिसले असते. "मनगट आणखी सैल सोड. कोपरातून मारू नकोस, दमशील. हं. असा. हा हात कुठं शिकलीस?"

"शिकले कुठं? अकरा बाळं आहेत. चपटा पडला की रडतात, पोकळ पडला की ढेकर देतात. तीच शिकवतात."

"तुझ्या बाळांना माझ्या वॉर्डात नेमायला हवं होतं," मेट्रनबाई म्हणाल्या आणि उठल्या. "चल. रोगी खोळंबलाय."

मिस्त्रींनी दोघींना एकत्र येताना पाहिले आणि काही न विचारता कूस बदलली. सूनबाईने थोपटायला घेतले. आता मेट्रनबाईंच्या हातांना काम नव्हते, तेव्हा त्या खाटेच्या उशाशी मिस्त्रींच्या तोंडापुढे बसल्या. आणि तिथे बसल्याबरोबर त्यांना उमगले की आपला घसा अजून पूर्वीचाच आहे.

"नाकानं आत. सावकाश. आणखी. धरा. एक, दोन, तीन. सोडा. पुन्हा. आता खोकायचं नाही, घशावर जोर नको; काच पुसायची आहे समजा, तोंड उघडून वाफ सोडा. हाऽ. उथळ झालं. पोटातून. हाऽ."

"हाऽ," मिस्त्री म्हणाले.

"पुन्हा."

तिसऱ्या 'हाऽ'ला छातीच्या तळातून काहीतरी निसटल्यासारखा आवाज आला. मिस्त्रींचा चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा फुगल्या. मेट्रनबाईंनी एक हात त्यांच्या कपाळाला लावला आणि दुसऱ्याने कप धरला. उबळ लांबली, थांबली, पुन्हा आली. सूनबाई घाबरून थांबली तर त्या ओरडल्या, "तू थांबू नकोस!" अखेर मिस्त्री उशीवर कोसळले, घामाने निथळत, आणि डोळे मिटून त्यांनी एक श्वास घेतला. लांब, खोल, तळापर्यंत. तसा श्वास त्या खोलीत कित्येक आठवड्यांत ऐकू आला नव्हता.

मेट्रनबाईंनी कप उजेडात धरला.

"हे माझंच आहे, बरं का," मिस्त्री डोळे न उघडता पुटपुटले.

मेट्रनबाई हसायला लागल्या. एकदा लागल्या त्या थांबेनात; पदर, रुमाल, जे हाती येईल ते तोंडावर दाबूनही हसत राहिल्या. सूनबाई एकदा सासऱ्यांकडे, एकदा सासूबाईंकडे बघत होती आणि कफ निघाल्यावर लोक असे का वागतात, हे तिला काही केल्या कळत नव्हते.

मंगळवार आणि बुधवार असेच गेले. सूनबाई पाळणाघर उघडण्याआधी थोपटायची, परत आल्यावर थोपटायची. मधल्या वेळेत मेट्रनबाई मिस्त्रींकडून चेंडू वर ओढून घेत. पहिल्या दिवशी एकच उठला, बुधवारी दुसऱ्याने निदान मान वर केली. सामान बांधले नव्हते. बांधायचे नाही, असेही कुणी म्हणाले नव्हते. कपाटाच्या तळाशी रिकामी पिशवी काढून ठेवलेली होती आणि तिच्याकडे न बघता तिघेही खोलीत वावरत होते.

गुरुवारी डॉक्टर आला. त्याने नळी टेकवली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकले. मेट्रनबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हात मागे बांधले होते.

"घरघर आहे अजून थोडी," तो शेवटी म्हणाला, "पण हवा तळापर्यंत जातेय. ताप नाही. भरती नको. हेच चालू ठेवा." मग वळून हसला. "मानलं तुम्हाला. तुमच्या हातात जादू आहे."

"माझ्या नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "सुनेच्या हातात. कागदावर लिहिणार असाल तर तिचं लिहा. ती पाळणाघरात असते. आणि तुमच्या त्या खेळण्यावरचं चित्र मोठं छापायला सांगा कंपनीला."

डॉक्टरला चहा देऊन, पायऱ्यांपर्यंत पोहोचवून त्या परत आल्या. दुपार झाली होती. सूनबाई केव्हाच कामावर गेली होती. मिस्त्री उशांना टेकून बसले होते आणि खिडकीबाहेर कुणीतरी रंधा मारत असल्यासारखे लक्ष देऊन पाहत होते. बाहेर तसे काही नव्हते.

"मेट्रनबाई."

"काय हवंय?"

"चार ठोके मारा बघू पाठीवर."

"आत्ता? सकाळचं झालंय. आणि माझ्या हातानं काही निघत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत."

"निघायला कशाला हवंय काही? सवय झालीय."

मेट्रनबाईंची नजर सवयीने घड्याळाकडे गेली आणि परत आली. "वहीत टिपणार नाही मी हे," त्या म्हणाल्या.

"नका टिपू."

त्यांनी टॉवेल घेतला नाही. खाटेच्या कडेवर बसल्या, आणि मिस्त्रींनी पुढे वाकून पाठ दिली; हाडे वर आलेली, उजव्या खांद्याला करवतीने कायमची किंचित झुकवलेली पाठ. मेट्रनबाईंनी हात उचलला. तो चपटाच पडला. दोघांनाही ते ऐकू आले. डावा, उजवा, डावा, उजवा. घाई नव्हती, आणि दहा मिनिटे होऊन गेली तरी त्यांनी थांबायचे मनावर घेतले नाही.